स्वीडन: घरोघरी जनगणना नाही, मग लोकसंख्या कशी मोजतात आणि सरकार कसं बनतं?

माळरान

आपल्याकडे २०२१ची जनगणना लांबत लांबत २०२७वर गेली. त्यावर वाचताना कळलं की स्वीडनमध्ये प्रगणक दारावर येतच नाही. तरीही त्यांच्याकडे लोकसंख्येचा आकडा शेवटच्या माणसापर्यंत असतो. जाणकारांना तीन गोष्टी विचारायच्या आहेत.

१. माणसं मोजतात कशी?
२. बाहेरून आलेला माणूस त्या मोजणीत कधी धरला जातो?
३. या आकड्याचा निवडणुकीशी आणि सरकार बनण्याशी संबंध काय?

वरवरची माहिती जालावर सापडते. प्रत्यक्ष यंत्रणा कशी चालते ते हवं आहे.

तळटीप

माळरान, तिन्ही प्रश्नांचा धागा एकाच जागी जाऊन पोचतो: फोल्कबुकफोरिंग, म्हणजे लोकनोंदणी. हे काम कर खात्याकडे, स्कात्तेव्हेर्केटकडे असतं. पूर्वी ते चर्चकडे होतं, १ जुलै १९९१ला कर खात्याकडे आलं.

नोंदवही रोज बदलते. बाळ जन्मलं की रुग्णालय कळवतं आणि बाळाला पर्शूननुमर, म्हणजे स्वतःचा व्यक्तिक्रमांक, मिळतो. नाव आईवडिलांनी तीन महिन्यांच्या आत कळवायचं. मृत्यूची खबर डॉक्टरच्या दाखल्यावरून जाते. घर बदललं की एका आठवड्याच्या आत आपण स्वतः कळवायचं. परदेशातून राहायला आलात तरी मुदत तेवढीच. वर्षभर किंवा जास्त काळासाठी देश सोडून जाणार असाल तर निघण्यापूर्वी कळवायचं. जन्म, मृत्यू, आगमन, निर्गमन यांची बेरीज-वजाबाकी सतत चालू असल्यामुळे मोजणीचा वेगळा दिवस लागत नाही. सांख्यिकी खातं (एससीबी, स्थापना १८५८) याच नोंदींवरून आकडे काढतं. २०२४ अखेर लोकसंख्या १ कोटी ५ लाख ८७ हजारांच्या घरात होती. एक कोटीचा टप्पा जानेवारी २०१७ मध्ये ओलांडला.

कागदी अर्ज भरून घेतलेली शेवटची जनगणना १९९०ची. नंतर मोठी अडचण आली ती घरांची. माणूस कुठल्या इमारतीत राहतो हे नोंदीत होतं, पण त्या इमारतीतल्या कुठल्या घरात, ते नव्हतं. त्यामुळे कुटुंबं मोजता येत नव्हती. म्हणून प्रत्येक फ्लॅटला चार अंकी क्रमांक दिला गेला आणि २०११ची मोजणी पूर्णपणे नोंदींवरून झाली.

तो क्रमांक वाचायची रीत साधी आहे. पहिले दोन अंक मजल्याचे. प्रवेशाचा मजला १०, त्याच्या वरचा ११, त्यावरचा १२. पुढचे दोन अंक दाराचे, जिन्यावरून वर आल्यावर डावीकडून घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं मोजलेले. १२०३ म्हणजे दोन मजले चढून तिसरं दार. दारावर बऱ्याचदा गृहनिर्माण संस्थेचा वेगळाच क्रमांक लिहिलेला असतो, आणि लोक स्थलांतराच्या अर्जात नेमका तोच भरतात. हा चार अंकी क्रमांक इमारतीच्या जिन्यात लावलेला असतो किंवा घरमालकाकडे मिळतो, तो विचारून घ्यावा.

उत्तरायण

इतिहासाची थोडी भर घालतो, कारण त्याशिवाय कर खात्यावर लोकांचा एवढा भरवसा का ते उलगडत नाही.

१६८६च्या चर्च कायद्यानं पाद्र्यांवर गावातल्या माणसांची वही ठेवायची जबाबदारी टाकली. जन्म, लग्न, मृत्यू, गावात आलेले, गावातून गेलेले, सगळं त्यात यायचं. पाद्री घरोघरी जाऊन लोकांना धर्मग्रंथ वाचता येतो का हे तपासायचे आणि तेही लिहायचे. १७४९मध्ये राज्यानं ‘ताबेलव्हेर्केट’ सुरू केलं. प्रत्येक पाद्र्यानं आपल्या वहीवरून ठरावीक तक्ता भरून वर पाठवायचा. तेव्हापासून ही आकडेवारी खंड न पडता चालू आहे, आणि इतकी जुनी सलग मालिका जगात दुसरी नाही. फिनलंड १८०९पर्यंत स्वीडनचाच भाग असल्यानं तिथली आकडेवारीही याच तक्त्यांतून सुरू होते.

पहिली बेरीज आली तेव्हा दरबाराला धक्का बसला. माणसं अपेक्षेपेक्षा बरीच कमी निघाली. शेजाऱ्यांना आपलं सैन्यबळ कळेल या भीतीनं आकडे गुप्त ठेवले गेले. आज त्याच मालिकेच्या आधारावर सांगता येतं की २०२४चा प्रजननदर, दर स्त्रीमागे सुमारे १.४३ मुलं, हा १७४९पासूनच्या नोंदींतला नीचांक होता. पावणेतीनशे वर्षं मागे जाऊन असं ठामपणे सांगता येणं ही मला या वह्यांची सर्वात मोठी देणगी वाटते.

रविवारपेठ

तळटीप, उत्तम लिहिलंत. दुसऱ्या प्रश्नाबद्दल जरा खोलात सांगाल का? पुण्याहून दोन-तीन वर्षांच्या कामासाठी जाणारे पुष्कळ आहेत. क्रमांक कुणाला मिळतो, कुणाला नाही?

तळटीप

रविवारपेठ, कायद्याची कसोटी एकच आहे: माणूस किमान एक वर्ष आपली रात्रीची झोप नियमितपणे स्वीडनमध्ये घेणार आहे का? कायद्यात शब्दच ‘डुग्न्सव्हिला’ आहे, रोजची विश्रांती. नोकरी कुठे, सामान कुठे, पत्रं कुठे येतात, हे सगळं त्यानंतर. ज्या घरात झोपता तिथे तुमची नोंद.

युरोपीय संघाबाहेरच्या माणसाकडे त्याखेरीज निवासपरवाना लागतो, आणि तो वर्षभराचा मुक्काम दाखवणारा हवा. दहा-अकरा महिन्यांच्या परवान्यावर आलेल्याची नोंद होत नाही, आणि नोंद नाही म्हणजे पर्शूननुमर नाही. अशा माणसाला कर भरण्यापुरता सामोर्डनिंग्सनुमर, म्हणजे समन्वय क्रमांक, देतात. तो ओळखायला सोपा: जन्मदिवसात ६० मिळवलेले असतात. १८ तारखेला जन्मलेल्याच्या क्रमांकात १८च्या जागी ७८ दिसतं. सप्टेंबर २०२३पासून त्यात ओळख किती पक्की आहे याच्या तीन पायऱ्या आल्या आहेत. पासपोर्ट घेऊन समक्ष गेलात तरच सर्वात वरची पायरी मिळते. पाच वर्षांनी नूतनीकरण केलं नाही तर क्रमांक निद्रिस्त होतो.

लांब मुदतीसाठी येणाऱ्यांनी असा क्रम ठेवावा:

– अर्ज ऑनलाइन सुरू करून सरकारी सेवाकार्यालयात समक्ष जायचं. कुटुंबातल्या प्रत्येकानं जायचं, तान्ह्या बाळानंसुद्धा.
– सोबत पासपोर्ट, निवासपरवान्याचं कार्ड, विवाहाचा दाखला आणि मुलांचे जन्मदाखले. दाखले मूळ प्रतीतले हवेत. महाराष्ट्रातले दाखले निघण्यापूर्वी अपोस्टिल (परदेशात चालावेत म्हणून सरकारी प्रमाणीकरण) करून घेतलेले बरे, तिथे पोचल्यावर ते काम लांबतं.
– क्रमांक आल्यावर ४०० क्रोनर भरून ओळखपत्र. त्यानंतर बँक खातं, आणि बँकेकडून डिजिटल ओळख, म्हणजे बँकआयडी. हा क्रम उलटा लावता येत नाही.

अडतं कुठे? बहुतेक वेळा दाखल्यांपाशी. विवाहाचा दाखला नसेल तर वैवाहिक स्थिती ‘अज्ञात’ अशी पडते. जन्मदाखला नसेल तर मूल नोंदीत येतं पण आईवडिलांशी जोडलं जात नाही, आणि मग बालभत्ता (महिना १,२५० क्रोनर) अडकतो. दुसरी अडचण पोटभाडेकरूंची. घरमालक त्या पत्त्यावर नोंद करू देत नाही म्हणून लोक मित्राचा पत्ता देतात. तसं करू नका. खोटा पत्ता देणं हा १ जुलै २०१८पासून फौजदारी गुन्हा आहे.

गणिती_गोगलगाय

पर्शूननुमरची रचना सांगतो, कारण अर्जात एक अंक चुकला की यंत्र तो लगेच नाकारतं आणि लोक गोंधळतात.

१९४७ला हा क्रमांक आला तेव्हा नऊच अंक होते. १९६७ला दहावा, तपासणीचा अंक जोडला. पहिले सहा अंक म्हणजे जन्मवर्ष, महिना, दिवस. मग आडवी रेघ. मग तीन अंकांचा जन्मक्रमांक, त्यातला तिसरा अंक पुरुषांसाठी विषम आणि स्त्रियांसाठी सम. वयाची शंभरी गाठली की आडव्या रेघेच्या जागी अधिकचं चिन्ह येतं.

तपासणीचा अंक असा काढतात. नमुन्यादाखल सर्रास वापरला जाणारा क्रमांक घेऊ: ८११२१८-९८७६. पहिल्या नऊ अंकांना आळीपाळीनं २ आणि १ नं गुणायचं. गुणाकार दोन अंकी आला तर त्याचे अंक मिळवायचे.

८×२=१६, म्हणजे ७. १×१=१. १×२=२. २×१=२. १×२=२. ८×१=८. ९×२=१८, म्हणजे ९. ८×१=८. ७×२=१४, म्हणजे ५.

बेरीज ४४. पुढची दहाची पट ५०, फरक ६. शेवटचा अंक ६, जुळलं.

या रचनेची एक मर्यादा आहे. एका जन्मतारखेला हजाराहून कमीच क्रमांक उपलब्ध असतात, त्यातही निम्मे पुरुषांचे, निम्मे स्त्रियांचे. ज्या देशांत जन्मतारखेची नोंद नव्हती तिथून आलेल्या अनेकांच्या कागदावर १ जानेवारी किंवा १ जुलै असते, त्यामुळे काही वर्षांच्या त्या तारखा संपल्या. मग त्याच महिन्यातला जवळचा दुसरा दिवस देतात. आपल्याकडे शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून लावलेली एक अख्खी पिढी आहे, त्यामुळे हा प्रश्न आपल्याला चटकन कळतो.

दर्यावर्दी

तिसऱ्या प्रश्नाची अर्धी बाजू पैशाची आहे. ती कळली की नोंदीचा पत्ता स्थानिक सरकारला एवढा महत्त्वाचा का, ते कळतं.

स्वीडनमध्ये २९० कोम्यून (नगरपालिका म्हणू) आणि २१ विभाग आहेत. शाळा, पाळणाघरं, वृद्धांची देखभाल, पाणी हे कोम्यूनकडे. दवाखाने, रुग्णालयं आणि बरीचशी सार्वजनिक वाहतूक विभागाकडे. दोघंही स्वतःचा आयकर लावतात, मिळून सरासरी सुमारे ३२ टक्के. केंद्राचा २० टक्के आयकर त्यावर, पण तो ठरावीक मर्यादेपलीकडच्या उत्पन्नालाच. म्हणजे सामान्य पगारदाराचा जवळजवळ सगळा आयकर गावाकडे आणि विभागाकडे जातो.

कुठल्या गावाकडे? आदल्या वर्षीच्या १ नोव्हेंबरला तुमची नोंद जिथे असेल त्या. २ नोव्हेंबरला घर बदललंत तर पुढचं सगळं वर्ष जुन्या गावाच्या दरानं कर लागतो. गावांमधली श्रीमंती-गरिबी समान करण्यासाठी जो पैसा वाटला जातो त्यासाठीही १ नोव्हेंबरचीच लोकसंख्या धरतात. ब्यूर्होल्मसारख्या जेमतेम अडीच हजार वस्तीच्या कोम्यूनलाही शाळा आणि वृद्धांची देखभाल स्टॉकहोमसारखीच पुरवावी लागते. तिथे चार कुटुंबं येणं-जाणं अंदाजपत्रकात दिसतं.

विद्यार्थ्यांनी हे नीट लक्षात ठेवावं. लुंड किंवा उमिओला शिकायला गेलेला मुलगा आठवड्यातल्या बहुतेक रात्री तिथे झोपत असेल तर त्याची नोंद तिथेच हवी, आईवडिलांच्या गावी नाही.

माळरान

हे फारच स्पष्ट झालं, मनापासून आभार. आता मतदान. परदेशी नागरिक मत देऊ शकतात असं ऐकलं, ते खरं का?

तळटीप

खरं आहे, पण संसदेसाठी नाही. रिक्सडागला मत फक्त स्वीडिश नागरिकाला, तेही वय १८ पूर्ण आणि आयुष्यात कधी ना कधी तिथल्या नोंदीत असलेल्याला. कोम्यून आणि विभागाच्या निवडणुकीत युरोपीय संघाचे, आइसलंडचे आणि नॉर्वेचे नागरिक नोंद असली की मतदार. बाकीच्या देशांच्या नागरिकांना, भारतीयांना धरून, निवडणुकीपूर्वी सलग तीन वर्षं नोंदीत असावं लागतं. स्वीडनमध्ये भारतात जन्मलेले ५० हजारांहून जास्त लोक आहेत, आणि त्यातल्या पुष्कळांना आपल्याला हा हक्क आहे याचा पत्ताच नसतो. त्यांनी तो जरूर वापरावा. शाळेचा आणि दवाखान्याचा निर्णय करणारी सभा हीच आहे.

मतदार म्हणून नाव घालायला कुठे अर्ज करावा लागत नाही. निवडणुकीच्या ३० दिवस आधी लोकनोंदणीतून यादी आपोआप निघते आणि मतदानपत्र घरी येतं. ‘सलग’ हा शब्द मात्र महत्त्वाचा. मध्येच वर्षभरासाठी भारतात परतून नोंद काढली असेल तर तीन वर्षं पुन्हा पहिल्यापासून मोजायची.

मतदान दर चार वर्षांनी, सप्टेंबरच्या दुसऱ्या रविवारी. पुढचं १३ सप्टेंबर २०२६ला. तीन मतपत्रिका: पिवळी संसदेची, निळी विभागाची, पांढरी कोम्यूनची. प्रत्येक पक्षाची पत्रिका वेगळी छापलेली असते, आपल्याला हवी ती उचलून पाकिटात घालायची. एकाच पाकिटात दोन वेगळ्या पक्षांच्या पत्रिका गेल्या तर मत बाद.

गणिती_गोगलगाय

जागावाटपाचं गणित माझ्याकडे घेतो.

एकूण जागा ३४९. त्यातल्या ३१० जागा २९ मतदारसंघांत, तिथल्या मतदारसंख्येच्या प्रमाणात. उरलेल्या ३९ समतोलाच्या, देशभरचं प्रमाण जुळवण्यासाठी. देशात ४ टक्के मतं, किंवा एखाद्या मतदारसंघात १२ टक्के, एवढी असल्याशिवाय पक्ष वाटपात येत नाही.

मतदारसंघात प्रत्येक पक्षाच्या मतांना आधी १.२ नं भागतात. ज्याचा भागाकार मोठा त्याला जागा. जागा मिळाली की त्या पक्षाचा पुढचा भाजक ३, मग ५, मग ७. समजा पाच जागा आहेत आणि मतं अशी: क ६०,०००, ख ३३,०००, ग १५,०००.

पहिले भागाकार: क ५०,०००, ख २७,५००, ग १२,५००.
पहिली जागा क ला, त्याचा आकडा आता २०,०००.
दुसरी ख ला, त्याचा आकडा आता ११,०००.
तिसरी क ला, आता १२,०००.
चौथी ग ला (१२,५००).
पाचवी क ला (१२,०००).

म्हणजे ३-१-१. २०१८पूर्वी पहिला भाजक १.४ होता. तेव्हा ग चा आकडा १०,७१४ झाला असता, चौथी जागा क ला आणि पाचवी ख ला गेली असती: ३-२-०. भाजकातल्या दोन दशांशांच्या फरकानं लहान पक्ष आत किंवा बाहेर होतो.

जागा ३४९च का, त्यामागेही कारण आहे. १९७१ला एकच सभागृह झालं तेव्हा ३५० जागा होत्या. १९७३च्या निवडणुकीत समाजवादी आणि बिगरसमाजवादी अशा दोन्ही गटांना १७५-१७५ पडल्या आणि बरोबरीत अडकलेले प्रस्ताव चिठ्ठी टाकून ठरवावे लागले. म्हणून १९७६पासून एक जागा कमी केली.

उत्तरायण

आता सरकार. इथे भारतीय वाचकाची सर्वात मोठी गफलत होते. आपण ‘बहुमत सिद्ध करा’ असं म्हणतो. स्वीडनमध्ये पंतप्रधानाला बहुमताचा पाठिंबा लागत नाही, त्याच्या विरोधात बहुमत नसलं की पुरतं. सभापती नाव सुचवतात, मतदान होतं, आणि १७५ किंवा जास्त सदस्यांनी विरोधात मत दिलं तरच नाव पडतं. तटस्थ राहणं म्हणजे व्यवहारात वाट मोकळी करणं. चार नावं पडली तर तीन महिन्यांत पुन्हा निवडणूक.

२४ नोव्हेंबर २०२१चा दिवस पाहा. माग्दालेना आंदेर्सॉन यांच्या बाजूनं ११७ मतं, विरोधात १७४, तटस्थ ५७. एक मत आणखी विरोधात गेलं असतं तर नाव पडलं असतं. त्याच दिवशी संसदेनं विरोधी पक्षांचं अंदाजपत्रक मंजूर केलं, पर्यावरणवादी मिलयोपार्तिएट सरकारमधून बाहेर पडला आणि त्यांनी काही तासांत राजीनामा दिला. २९ तारखेला पुन्हा मतदान: बाजूनं १०१, विरोधात १७३, तटस्थ ७५. बाजूची मतं घटली आणि तरी त्या देशाच्या पहिल्या महिला पंतप्रधान म्हणून कारभार पाहू लागल्या. २०२२मध्ये उल्फ क्रिस्तेर्सॉन १७६ विरुद्ध १७३ नं निवडून आले. त्यांचं सरकार तीन पक्षांचं, आणि बाहेरून स्वीडन डेमोक्रॅट्स या पक्षाचा पाठिंबा लेखी करारानं बांधलेला.

राजा कार्ल सोळावा गुस्ताफ १९७३पासून गादीवर आहेत, पण १९७४च्या राज्यघटनेनं त्यांना पंतप्रधान नेमण्याचाही अधिकार ठेवला नाही. ते काम सभापतींचं.

शब्दवेडी

उत्तरायण, मंत्र्यांच्या अधिकारांचा मुद्दा राहिला, तो मी पुरा करते. तिथे मंत्री एकट्यानं आदेश काढत नाही. निर्णय मंत्रिमंडळाचा, बैठकीला किमान पाच मंत्री हजर हवेत. आणि सरकारी खातं एखाद्या माणसाच्या प्रकरणात काय ठरवतं त्यात सरकारनं किंवा संसदेनं हात घालायला राज्यघटनेचीच मनाई आहे. लोकनोंदणीचा तुमचा अर्ज नाकारला गेला तर मंत्र्याकडे किंवा खासदाराकडे जाऊन उपयोग नाही. निकालपत्रावर अपिलाची मुदत छापलेली असते, त्या मुदतीत लेखी अपील करायचं. ते आधी स्कात्तेव्हेर्केट स्वतः तपासतं, निर्णय बदलला नाही तर प्रकरण प्रशासकीय न्यायालयात जातं.

दुसरं, या वहीत काय नाही तेही सांगायला हवं. जात, वंश, मातृभाषा यांची नोंद त्यात नाही. त्यामुळे उत्तरेतल्या सामी लोकांची नेमकी संख्या कुणीच सांगू शकत नाही, सगळे आकडे अंदाजाचे. सामी संसद १९९३पासून आहे, ३१ सदस्यांची, किरुनाला. तिची मतदारयादी वेगळी, स्वेच्छेची. स्वतःला सामी मानणं, आणि आपण, आईवडील किंवा आजीआजोबांपैकी कुणाच्या तरी घरात सामी भाषा बोलली जात असणं, ही अट.

रविवारपेठ

एक शेवटचं. काम संपवून भारतात परतताना काय करायचं? परत येणारे नुसतं विमान पकडतात असं दिसतं.

तळटीप

तसं करू नये. वर्षभर किंवा जास्त काळासाठी जात असाल तर निघण्यापूर्वी परदेशगमनाची सूचना स्कात्तेव्हेर्केटला द्यायची, निघण्याची तारीख आणि परदेशातला पत्ता लिहून. कुटुंबातल्या सगळ्यांची नावं त्यात हवीत. सूचना दिली नाही तर नोंद तशीच राहते, बालभत्ता खात्यात येत राहतो आणि पुढे तो व्याजासह परत मागितला जाऊ शकतो. दोन वर्षं कुणाचा ठावठिकाणा लागला नाही तर खातं स्वतःहून नोंद काढतं, पण तोवरचा घोळ निस्तरायचा तुम्हालाच.

पर्शूननुमर मात्र रद्द होत नाही. तो जन्मभराचा. दहा वर्षांनी परत गेलात तरी तोच क्रमांक, फक्त पत्त्याची नोंद नव्यानं करायची. निघण्यापूर्वी प्रत्येकाचं पर्शूनबेविस, म्हणजे नोंदीचा उतारा, काढून ठेवा. तो फुकट मिळतो, आणि तिथे जन्मलेल्या मुलाच्या शाळाप्रवेशाला किंवा पासपोर्टच्या कामाला इथे लागतो. मागताना तो परदेशात वापरायचा आहे असं सांगा, म्हणजे इंग्रजीतला आणि सही-शिक्क्याचा मिळेल.